मोजमाप वही

पहाटे लाडक्या बरफ हाक मारत नाही,
दाराला बांबूची काठी टेकवतो फक्त.
तेवढा आवाज पुरतो, निवृत्तीनंतरची झोप अशीही पातळ.
डब्यात ओल्या मातीतली गांडुळं,
थर्मासमध्ये चहा,
टोपीच्या काठाला टोचलेले दोन गळ.

दहिसर नदी. कुंपणाच्या अलीकडे, पुलाच्या वर,
जिथे अजून तळ दिसतो
आणि तळातल्या दगडाला दगडाचाच रंग आहे.
आश्विनातलं पाणी, पोटरीइतकं.
"सावली पाडू नको," लाडक्या म्हणतो,
"मासा आधी सावली बघतो, मग माणूस."
मी उकिडवा बसतो. बासष्ट वर्षांचे गुडघे
नदीकाठी बसायला आत्ता शिकतायत.

साडेनऊपर्यंत काही नाही.
एक खंड्या आमच्यासमोर दोनदा जेवून गेला.
मग दोरी जराशी, अगदी जराशी,
कुणी झोपेत बाही ओढावी तशी.

दांडई.
ओल्या हातावर चार बोटं लांब,
आणि कल्ल्यापासून शेपटीपर्यंत
एक काळी सरळ रेघ.
अशी रेघ मी ओळखतो.
अशीच एक मी ओढली होती, पट्टी धरून,
सव्वीस जुलैच्या पुढच्या वर्षी,
नदीच्या वळणावरून आरपार.
रकान्यात लिहिलं होतं : नाला.
लांबी तीनशे चाळीस मीटर, भिंत साडेचार,
तळाला काँक्रीट पंधरा सेंटिमीटर.
मोजमाप बरोबर. स्वाक्षरी, मो. ग. चुरी.
माशांचा रकाना वहीत नव्हता,
आणि मी मागितलाही नाही.

"पाच बोटं असती तर घरी," लाडक्या म्हणाला,
"चार आहेत. सोड."
मी हात पाण्यात नेला, तोंड प्रवाहाकडे करून थांबलो.
ती गेली तेव्हा कळलंच नाही,
हात रिकामा आहे एवढंच कळलं.

दुपारी प्रवाहाबरोबर खाली उतरलो, पोती घेऊन.
थर्माकोल, गुटख्याच्या पुड्या,
गणपतीचा एक हात, प्लास्टरचा, मोदकासकट.
तो पोत्यात टाकताना लाडक्या थबकला,
मग बाजूला कातळावर ठेवला त्याने.
तबेल्यांपाशी पाणी हिरवट होतं,
पुढे त्याला रंगच राहत नाही.
पुलावरून फिलोमिना गोन्साल्विस ओरडली,
"काय चुरीसाहेब, पगार मिळतो का याचा?"
तिचा बाप खाली कांदरपाड्याला
टोपलीने कोळंबी काढायचा.
ती हे दर रविवारी सांगते,
आणि दर रविवारी टोपली थोडी मोठी होते.
मी हसत नाही. टोपलीचं मोजमाप माझ्याकडे नाही.

मग माझी भिंत.
मागच्या चैत्रात तिच्या तळावर, माझ्या पंधरा सेंटिमीटरवर,
आम्ही एकवीस धोंडे मांडले होते, दोन माणसांना उचलतील एवढे.
पावसाने एकोणीस नेले.
दोन राहिले, गाळ धरून, तिरके.
एकाखाली मी मनगटापर्यंत हात घातला.
काहीतरी बुळबुळीत हललं आणि आत सरकलं.
"मळ्या," लाडक्या म्हणाला, "धोंड्याला तोंडानं धरून बसतो तो."
मला वाटलं, पिशवी असेल.
धोंडा उलटून बघता आला असता.
आम्ही दोघंही उभे राहिलो तसेच,
चपला हातात धरून.

रात्री कुमुद म्हणाली, "हाताला वास येतोय,
आणि पिशवीत तर काहीच नाही."
मी जुन्या वहीचं मागचं पान काढलं.
दांडई : एक, चार बोटं, परत.
पोती : सहा.
धोंडे : दोन.
धोंड्याखाली :
इथे जागा सोडली आहे.
स्वाक्षरीसुद्धा अजून केलेली नाही.